माझ्या उजव्या कानाबाबत खुलासा

आई,

या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नवीन पनवेलमधल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलेली असताना, तू माझ्याशी खोटं बोललीस हे मला कळलं. वेळ अचूक सांगू शकते, कारण डॉक्टरांच्या डोक्यामागे घड्याळ होतं आणि नंतर बराच वेळ मी त्या घड्याळाकडेच बघत बसले. दुसरीकडे बघायची सोय नव्हती. समोरच्या टीव्हीवर माझा उजवा कान आतून दिसत होता, आणि तो इतका निरोगी होता की मला त्याची लाज वाटली. इतकी वर्षं ज्याला आजारी म्हणून वागवलं, तो असा तुकतुकीत निघावा हे बरोबर नाही. मी कचेरीत आस्थापना शाखेत आयुष्य काढलं, लोकांकडून लेखी खुलासे मागवण्यात माझा हात कोणी धरला नाही. तुझ्याकडून एकही कधी मागितला नव्हता. आता मागते आहे.

आधी पार्श्वभूमी. तू गेलीस तेव्हा माझी लेक दुसरीत होती. ती आता चौतीस वर्षांची आहे. पनवेलजवळ विचुंब्याला एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर तिचं घर आहे, नवरा आठवड्यातले बरेच दिवस कामासाठी पुण्याला असतो, आणि तिला साडेचार वर्षांची मुलगी आहे. तुझे जावई गेल्यापासून मीही तिथेच राहते. मदतीला, असं ती म्हणते. मदत करायला मला कोणी फारसं बोलावत नाही, म्हणून मी घरभर फिरते. गॅलरीत जाते, परत येते, सारखी केलेली चादर पुन्हा सारखी करते. हे लिहितानाही मध्येच उठून डाळ भिजली का बघून आले. भिजली नव्हती. घातलीच नव्हती.

माझ्या लेकीला मैत्रिणी आहेत. तुला हे वाक्य साधं वाटेल, पण तू विचार कर, तुला कोण होतं. नळावर भेटणाऱ्या बायका होत्या. मला कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या दोघी होत्या, ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खाल्ला आणि ज्यांचं घर मी कधी आतून पाहिलं नाही. हिच्या मैत्रिणी बेल न वाजवता येतात आणि फ्रीज उघडतात. एक इथलीच, विचुंब्याची. तिच्या सासऱ्यांची भातशेती होती तिथे आता आमची इमारत आहे. पहिल्याच भेटीत तिने मला सांगितलं की काकू, तुमची लिफ्ट हाय ना, तिथं आमचा खळा होता. हे ती दुःखाने सांगत नाही, मजेत सांगते, कारण त्याच इमारतीत तिचे स्वतःचे फ्लॅट आहेत. दुसरी जुन्या पनवेलमधली, घरून केकच्या ऑर्डरी घेणारी, डोक्याला ओढणी घट्ट बांधणारी आणि बोलताना माझ्यासारखीच कोणाची भीड न ठेवणारी. मला आंटी म्हणते. मला आंटी आवडत नाही, ती आवडते.

या तिघींना छंद लागतात, ताप लागतो तसे. आधी क्रोशे आलं. महिनाभर घरातल्या प्रत्येक वस्तूला टोपी मिळाली, पाण्याच्या बाटलीला, रिमोटला, माझ्या चष्म्याच्या डबीला. मग साबण. मग टर्फवर क्रिकेट, सकाळी पोरांच्या शाळा सुरू झाल्यावर, ओढण्या कमरेला खोचून. विचुंब्याची जी गोलंदाजी करते ती बघून शेजारच्या वॉचमनने येऊन तिला सलाम ठोकला. मी बोलायची. बोलल्याशिवाय मला राहवत नाही हे तुला ठाऊक आहे. एकदा शाळेला सुट्टी होती तेव्हा म्हणाले, पोर काय खुंटीला टांगलं आहे का. लेक म्हणाली, नाही आई, तुझ्याकडे दिलं आहे, आणि बॅट घेऊन गेली. सकाळी डबा, शाळेची बस, लॅपटॉपवर कोणाशी तरी इंग्रजीत भांडण, मग हे, मग दुपारी परत लॅपटॉप, मांडीवर पोर. या सगळ्यात ती दमत का नाही, हे मला समजत नव्हतं. मी तिच्या वयाची होते तेव्हा नुसती बसून दमायची.

मग पोहणं आलं. इमारतीच्या खालीच तलाव आहे, निळ्या फरशांचा, अकरा वाजता बायकांची वेळ. मी गॅलरीतून बघायची. वरून नुसत्या रंगीत टोप्या दिसायच्या, आधी काठाला चिकटलेल्या, मग हळूहळू मधोमध. काही आठवड्यांत लेक पोहायला लागली. वर यायची ती ओल्या केसांनी, लाल डोळ्यांनी, आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच भाकरी खायची. लहानपणी जिच्यामागे मी ताट घेऊन फिरले ती ही, असं वाटायचं नाही. एके दिवशी खाताखाता म्हणाली की पुढच्या महिन्यापासून छोटीलाही उतरवते, लहान मुलांची शिकवणी सुरू होते आहे. मी म्हणाले, अजिबात नाही. आपल्याकडे कानाचं आहे. माझ्या कानाच्या पडद्याला भोक आहे, हे काही नवीन सांगायला नको. पोरीच्या कानात पाणी गेलं तर जन्माची बहिरी होईल.

पोर तिथेच बसली होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला तलावाच्या पायरीवर नेलं तर ती दोन्ही कानांवर हात दाबून बसली आणि उठेना. पाण्यात पाय घालेना. घरी आल्यावर बादलीतल्या पाण्यालाही ओरडली, डोक्यावरून पाणी घेईना. असे काही दिवस गेले. लेक माझ्यावर चिडली नाही, याचंच मला भय वाटलं. तिने स्वतःही जाणं बंद केलं. मैत्रिणी खालून फोन करायच्या, ती उद्या बघू म्हणायची. दोरीवर तिचा टॉवेल कोरडाच लटकत राहिला. मी काही बोलायच्या आत एका दुपारी तिने शांतपणे मला सांगितलं, "आई, तुझा कान तुझ्याजवळ ठेव. माझ्या मुलीला तो देऊ नकोस."

आणि बुधवारची वेळ घेतली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी छोटीला बसवलं, कानात ती बारीक नळी घातली आणि टीव्ही लावला. आपला कान टीव्हीवर बघून पोर इतकी खूश झाली की रडायचं विसरली. सगळं छान आहे, म्हणाले, खुशाल पोहायला पाठवा. ती खुर्चीवरून उतरली आणि म्हणाली, आता आजीचा लावा. मी नको म्हणत होते. लेकीने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं. कोणत्या कानाला त्रास, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, उजव्या, भोक आहे, सहावीपासून. त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. टीव्हीवर ते पांढुरकं, चकचकीत, ताणलेलं काहीतरी होतं, मोत्याच्या शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं. डॉक्टर म्हणाले की इथे भोक नाही, आणि कधी होतं अशी खूणही नाही. लहानपणी पडून बुजलंही असेल, छातीठोक सांगता येत नाही. कधी पू यायचा का? नाही. ताप? नाही. ऐकू कमी येतं का? लेक मध्येच म्हणाली, डॉक्टर, ती दोन मजल्यांवरची भांडणं ऐकते आणि मला निकाल सांगते. डॉक्टर हसले. मग अगदी सहज त्यांनी विचारलं, "तेव्हा कोणत्या डॉक्टरांनी बघितला होता?"

आई, मी सगळं आठवून बघितलं. शेजारचे म्हातारे डॉक्टर आठवले, त्यांच्या गुलाबी औषधाची बाटली आठवली, दात पाडणारा आठवला. कान बघणारा एकही माणूस आठवला नाही. माझ्या कानात त्या बुधवारपर्यंत कोणीही डोकावलेलं नव्हतं.

मग मला शाळेच्या मुख्य मदरची खोली आठवली. आपण तेव्हा मुंबईत राहायचो आणि तू हट्टाने मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतंस. सासरच्यांशी अबोला धरून घातलं होतंस, हे तू मला नंतर पुष्कळदा ऐकवलंस. सहावीत शाळेने ठरवलं की मुलींना दर शुक्रवारी जवळच्या क्लबाच्या तलावावर पोहायला न्यायचं, आणि पोहण्याचा पोशाख कसा असावा त्याचं चित्र काढून घरी पाठवलं. ते चित्र तू बघितलंस आणि उलटं करून ठेवलंस. दुसऱ्या दिवशी तू तुझी ठेवणीतली जांभळी इरकल नेसून शाळेत आलीस. मदर परदेशी होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं. तुला इंग्रजी येत नव्हतं. मध्ये मी उभी. तू मला म्हणालीस, सांग त्यांना, हिला पाण्यात जाता येणार नाही, हिच्या कानाच्या पडद्याला भोक आहे. आणि मी सांगितलं. माझ्या कानाची बातमी मला अशी कळली, माझ्याच तोंडून, दुसऱ्याच्या भाषेत. मदरनी चेहरा मऊ करून विचारलं, कोणता कान? मी तुला विचारलं, आई, कोणता? तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस, भेंडी निवडताना बघायचीस तशी, आणि म्हणालीस, "उजवा."

तो क्षण मी इतकी वर्षं आठवणीत ठेवला आणि एकदाही उघडून बघितला नाही. मला वाटायचं, तुला वाईट वाटलं म्हणून तू थांबलीस. तू निवडत होतीस, आई.

कारण काय ते मला आता स्वच्छ दिसतं. आमच्या मुली उघड्या मांड्यांनी पाण्यात उतरत नाहीत, असं तुला त्या बाईंना सांगता येईना. सांगितलं असतंस तर तू गावंढळ ठरली असतीस, आणि तिथे तुला काहीही ठरलेलं चाललं असतं, गावंढळ सोडून. त्यापेक्षा लेकीचा कान गेलेला बरा. तुझी अब्रू आणि माझी अब्रू दोन्ही राखलीस आणि मध्ये माझा एक अवयव देऊन टाकलास. त्यानंतर दर शुक्रवारी मी तलावाच्या बाकावर सगळ्यांचे टॉवेल सांभाळत बसले. लग्न जमवताना तू व्याह्यांना सांगितलंस, मुलीचा कान नाजूक आहे, बाकी काही खोट नाही. पनवेलला आल्यावर तुझ्या जावयांच्या कचेरीतली मंडळी बायकापोरांसह किहीमला जायची, तेव्हा मी वाळूत चपला आणि पर्सा राखायची. करंज्याहून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये सगळ्या बायका कठड्याला टेकून वारा खायच्या आणि मी आत इंजिनाच्या धुरात डोक्याला मफलर गुंडाळून बसायची. परवा लेकीच्या गाडीतून त्याच बाजूला गेलो. जासईला जिकडेतिकडे कंटेनर, मिठागरं कुठे होती तेही सांगता येईना. काच खाली करावी असं मनात आलं आणि हात बटणापर्यंत जाऊन परत आला. कोणी माझ्याशी मैत्री केली नाही असं नाही. पण मैत्री पाण्यात व्हायची, आणि मी काठावर असायची. मी तरुण आई होते तेव्हा माझा छंद काय होता सांगू? चपला मोजणं.

डॉक्टरांकडून परत येताना लेक गाडीत हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. संध्याकाळपर्यंत दोघी मैत्रिणींना सगळं कळलं होतं. केकवाली तिचा स्वतःचा पोशाख घेऊन आली, मानेपासून घोट्यापर्यंत झाकणारा, डोक्याला टोपीसकट, आणि माझ्या अंगाला लावून बघत म्हणाली की आंटी, तुमच्या आईंना हा दाखवायला हवा होता. मी म्हणाले, तेव्हा मिळत नव्हता. ती म्हणाली, शिवला असता की. मला राग आला, कारण खरंच शिवला असतास. तुझ्याकडे मशीन होतं. वारभर जास्तीच्या कापडाचा प्रश्न होता सगळा. विचुंब्याची दाराशी उभी होती, तिला हे सगळं फार लांबतं आहे असं वाटत होतं. ती म्हणाली, "काकू, झालं ते झालं. सोमवारी तुमी पन उतरा. पानी काय तुमाला खानार नाय." दुसऱ्या दिवशी तिघींनी मिळून माझ्यासाठी गडद निळा पोशाख आणला, तो न्हाणीघराच्या दाराला लावून ठेवला आहे. मी त्याला हात लावलेला नाही. पण बघून येते. सकाळपासून बघूनच येते आहे.

छोटी त्या दिवसानंतर डोक्यावरून पाणी घ्यायला लागली आहे. तलावात मात्र अजून उतरत नाही. सोमवारी मुलांची शिकवणी सुरू होते, आणि तिने आईला सांगून ठेवलं आहे की आजी उतरली तर ती उतरेल. आजी नाही, तर ती नाही, आणि ती नाही तर तिची आईही नाही, असं दिसतं. म्हणजे आता सगळं माझ्या कानाशी येऊन थांबलं आहे. हे मला कोणी सुनावलं नाही. पण घरात माझ्याकडे बघणं चालू आहे, आणि ते मला कळतं.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण इथपर्यंतचं सगळं तू एका वाक्यात उडवून लावशील. तुझ्या भल्यासाठी केलं, म्हणशील, आणि कदर आहे का म्हणून उलट मलाच विचारशील.

मदरच्या खोलीतून बाहेर पडल्यावर काम संपलं होतं. त्या काही आपल्या घरी तपासणीला येणार नव्हत्या. मग तू त्या रविवारी दुपारी तव्यावर ओवा का गरम केलास? जुन्या मलमलच्या तुकड्यात त्याची पुरचुंडी बांधलीस, आधी स्वतःच्या गालाला लावून बघितलीस, आणि माझं डोकं मांडीवर घेऊन कान शेकलास. आणि पुढच्या रविवारी. आणि त्याच्या पुढच्या. मी मॅट्रिक होईपर्यंत. तू काही मांडीवर घेणारी बाई नव्हतीस, आई. चार पोरं, सासू, दीर, पाहुणे. आम्हाला तुझा हात लागायचा तो वेणी घालताना आणि धपाटा घालताना. धाकटी रडायची, मलाही शेका म्हणून. तू तिला हाकलायचीस. तुझा कान चांगला आहे, म्हणायचीस. चांगला कान असल्याचं तिला इतकं वाईट वाटायचं.

आणि त्या वेळात तू काय करायचीस, ते तुझ्या लक्षात आहे? बाकीचे झोपलेले असायचे. तू हळू आवाजात विचारायचीस, चाळणीला इंग्रजीत काय म्हणतात. उंबरठ्याला काय म्हणतात. मला कंटाळा आला आहे, हे कसं म्हणायचं. मी सांगायची, तू ओठांतल्या ओठांत म्हणायचीस, पुरचुंडी गार झालेली असायची तरी तशीच धरून. तुझा उच्चार वाईट होता, मी हसायची, तू दटावायचीस आणि पुन्हा म्हणायचीस. तेव्हा तू माझ्या लेकीपेक्षाही लहान होतीस. तिशीचीसुद्धा नव्हतीस. मला या पत्रात वर लिहायचं होतं की तुला मैत्रिणी नव्हत्या आणि छंदही नव्हता. लिहिता लिहिता हात थांबला, आणि मी उठून गॅलरीत गेले. खाली तलावात कोणी नव्हतं, नुसतं ऊन होतं.

म्हणून मला कळायला हवं. कान खरंच बिघडला होता असं तुला वाटत असेल, डॉक्टर म्हणाले तसं कधीतरी बारीक भोक पडून बुजलं असेल, तर ते रविवार म्हणजे औषध होतं. ते मी तसंच नोंदवून ठेवीन आणि या विषयावर पुन्हा लिहिणार नाही. पण कान धडधाकट आहे हे तुला पहिल्यापासून ठाऊक असेल, तर तू धडधाकट कानाला इतकी वर्षं शेक दिलास. कशासाठी? खोटं टिकवायला एवढं कोणी करत नाही. अधूनमधून माझ्या कानात डोकावल्यासारखं केलं असतंस तरी पुरलं असतं. सोमवारी मी उघड्या कानाने पाण्यात उतरले म्हणजे कानाचं खोटं होतं हे मी मान्य केलं. ते मी करीन, पोरीसाठी करीनच. पण कानाबरोबर मांडीही खोट्यात जमा होणार का, हे मला उतरण्याआधी माहीत असलं पाहिजे. हे काही जास्त मागणं नाही.

तरी या बाबतचा तुझा लेखी खुलासा येत्या सोमवारी सकाळी अकराच्या आत माझ्याकडे यावा. उजवा म्हणण्यापूर्वी तू थांबलीस त्याचं कारण त्यात स्पष्ट असावं. मराठीत चालेल. इंग्रजीत लिहायचं असेल तर तेही चालेल, उच्चाराचा प्रश्न येत नाही. हे पत्र मी कुठेही टाकणार नाही आहे, पण ती सबब ऐकून घेतली जाणार नाही. तुला न कळवता मी लहानपणी काहीही केलं तरी ते तुला कळायचं. खुलासा न आल्यास तुला काही सांगायचं नाही असं समजून मी पोरीचा हात धरून पायऱ्या उतरेन.

मुदत वाढवून मिळणार नाही, असंही पुढे लिहायला घेतलं होतं.

मिळेल.